विश्लेषण : युद्धकाळात नौदल अधिकारी झोपतो कधी?

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन आला की १९७१ मधील कराचीवरच्या हल्ल्याची उजळणी होते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री काय केले, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्या युद्धातले बाकीचे तास जहाजांवर कसे गेले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. समुद्रावरच्या युद्धात क्षेपणास्त्र सुटते ते काही मिनिटांत. त्याआधी आणि त्यानंतर असतात पहारा, प्रतीक्षा आणि अर्धवट झोपेचे दिवस. नौदलाच्या ताकदीची चर्चा जहाजांची संख्या आणि क्षेपणास्त्रांचा पल्ला यांपाशी थांबते. ती जहाजावरच्या माणसाच्या झोपेपर्यंत पोहोचायला हवी.

दिवस कसा विभागलेला असतो?

जहाजावर दिवस-रात्र नसते, ‘वॉच’ असतात. चोवीस तासांचे साधारण चार-चार तासांचे तुकडे. संध्याकाळी चार ते आठ हा तुकडा मात्र दोन-दोन तासांच्या दोन वॉचमध्ये मोडतात. त्यामुळे एकूण वॉच सहाऐवजी सात होतात आणि मध्यरात्री ते पहाटे चार ही सर्वात नकोशी पाळी रोज एकाच्याच वाट्याला येत नाही. ब्रिटिशांकडून आलेली ही पद्धत भारतीय नौदलातही रुजली आहे.

शांततेच्या काळात तीन गट असतील तर चार तास काम आणि आठ तास मोकळीक, असे चक्र चालते. युद्धात तोफा, रडार, सोनार, इंजिन या सगळ्यांवर कायम माणूस लागतो. म्हणून जहाजाचे दोनच गट होतात आणि निम्मे लोक सदैव कामावर राहतात. बरेचदा सहा तास काम, सहा तास सुटी. कागदावर हे दिवसाला बारा तास दिसतात. पण तरुण लेफ्टनंट फक्त वॉचचा अधिकारी नसतो. त्याच्याकडे तोफखाना, संदेशवहन किंवा पाणबुडीविरोधी यंत्रणेसारखा एखादा विभाग असतो. शिवाय काही नौसैनिकांची थेट जबाबदारी असते. कोणाची रजा अडली आहे, कोणाच्या घरी आई आजारी आहे, हेही त्यालाच पाहावे लागते. बिघडलेला पंप आणि न लिहिलेला अहवाल त्याच्या ‘सुटी’च्या सहा तासांतच बसवायचा असतो. त्यातून जेवण, अंघोळ वजा करा. सलग चार तास डोळा लागला तर नशीब. आणि तेवढ्यात ‘अॅक्शन स्टेशन’चा भोंगा वाजला की सुटीवरचे लोकही धावत आपापल्या जागी.

ब्रिजवर नेमके काय चालते?

बाहेरून पाहणाऱ्याला काहीच नाही. रात्री जहाज पूर्ण अंधारात असते. बाहेर एक दिवा दिसता कामा नये, आत उजेड असलाच तर मंद लाल. माणसाचे डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे पाळी घेणारा अधिकारी वेळेआधीच वर येतो. दिशा, वेग, आजूबाजूची जहाजे, कोणते यंत्र बंद आहे, हे सगळे तो आधीच्या अधिकाऱ्याकडून समजून घेतो. कॅप्टनने रात्रीसाठी लिहून ठेवलेल्या सूचना वाचून सही करतो. त्या सूचनांचे सार बहुधा एकच असते : शंका आली की मला उठवा. कॅप्टनही समुद्रावर आपल्या मुख्य केबिनमध्ये झोपत नाही. ब्रिजलगतच्या लहानशा खोलीत तो बहुधा कपड्यांनिशीच आडवा होतो.

शंका आली की उठवायचे, हे वाचायला सोपे आहे. पण एका रात्रीत शंका किती वेळा यावी? सोनार ध्वनिलहर सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकते. तो पाणबुडीचा असू शकतो, माशांच्या थव्याचा असू शकतो, तळाशी पडलेल्या जुन्या जहाजाचाही. वरच्या थरात पाणी कोमट आणि खाली थंड असेल तर ध्वनीची लहर खालच्या बाजूला वळते, आणि पाणबुडी जवळ असूनही सोनारच्या ‘सावलीत’ लपू शकते. वेग वाढवला तर जहाजाचा स्वतःचाच आवाज सोनारला बहिरे करतो. वेग कमी ठेवला तर आपण सोपे लक्ष्य ठरतो. असे निर्णय पहाटे तीन वाजता, सलग सहाव्या-सातव्या अपुऱ्या झोपेच्या रात्री घ्यायचे असतात.

क्षेपणास्त्राच्या बाबतीत तर वेळेचे गणितच क्रूर आहे. रडार पाण्यापासून २० मीटर उंचीवर आणि क्षेपणास्त्र पाण्याला चाटून ५ मीटरवर उडत असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण २७-२८ किलोमीटरवर आल्यावरच दिसते. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला तर हाती उरते दीड मिनिट. ध्वनीच्या तिप्पट वेगाचे असेल तर अर्धे मिनिट. पडद्यावरचा ठिपका ओळखणे, कॅप्टनला सांगणे आणि मारा करणे, सगळे त्यातच.

‘खुकरी’चा अनुभव काय सांगतो?

९ डिसेंबर १९७१. दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या फ्रिगेट पाणबुडीच्या शोधात होत्या. त्यांच्या मागावर पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची ‘हंगोर’ होती. तिची सोनार यंत्रणा भारतीय जहाजांच्या सोनारपेक्षा सरस होती. रात्री पाऊणे नऊच्या सुमारास ‘हंगोर’ने ‘कृपाण’वर सोडलेला पाणतीर वाया गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

इथे दोष थकव्याचा नव्हता, यंत्रणेतल्या तफावतीचा होता. पण ‘खुकरी’ आपण मुल्ला यांच्या अखेरच्या क्षणांपुरती लक्षात ठेवतो, तेव्हा एक गोष्ट निसटते. त्या रात्री बहुसंख्य माणसे आपल्या नेहमीच्याच कामात होती : कोणी वॉचवर, कोणी इंजिनपाशी, कोणी पुढच्या पाळीआधी जरा टेकलेला. समुद्रावर आघाडी आणि पिछाडी असा फरक नसतो. स्वयंपाकी आणि तोफची तितकेच धोक्यात असतात, आणि झोपायची जागा हीच युद्धभूमी असते.

थकव्याची किंमत कोणी मोजली आहे का?

अमेरिकेने मोजली, तीही शांततेच्या काळात आणि फार उशिरा. १७ जून २०१७ रोजी ‘फिट्झगेराल्ड’ ही विनाशिका जपानजवळ मालवाहू जहाजावर आदळली. ७ नौसैनिक दगावले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ एका तेलवाहू जहाजावर आदळली, १० दगावले. शत्रू कुठेच नव्हता. प्रशिक्षणातील त्रुटींबरोबर थकवा हेही कारण पुढे आले. विनाशिकांवरील कामाच्या ताणाचा २०१४ चा नौदलाचाच अभ्यास आधीपासून होता : आठवड्याला ८० तास अपेक्षित असताना नौसैनिक १०८ तास कामावर होते. अहवाल होता, वाचणारा नव्हता. सरकारी फायलींचे हे दुखणे फक्त आपलेच नाही, एवढेच काय ते समाधान! अपघातांनंतर शरीराच्या नैसर्गिक घड्याळाशी जुळणारे वॉच तिथे बंधनकारक झाले.

भारतीय नौदलापुढचा प्रश्न कोणता?

२०१७ पासून भारतीय युद्धनौका मोक्याच्या सागरी पट्ट्यांत आळीपाळीने सतत तैनात असतात. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हुथींचे हल्ले आणि सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढल्यावर ही संख्या दहाच्या पुढे गेली. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कोलकाता’ने ‘रुएन’ या अपहृत जहाजाचा पाठलाग केला. ही कारवाई ४० तासांहून अधिक चालली. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. बातम्यांमध्ये विमानातून उतरलेले मार्कोस कमांडो दिसले, ते योग्यच. पण ते चाळीस तास जहाज हाकणारे, रडारसमोर बसलेले अधिकारी कोणाला दिसले नाहीत.

नौदलात अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे संरक्षण मंत्रालयाने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. नव्या जहाजाच्या जलावतरणाचा सोहळा होतो, रिक्त पदांचे उत्तर मात्र आतल्या पानावर जाते. दोन्हींचा संबंध सरळ आहे. तीन तास वॉच आणि नऊ तास मोकळीक ही माणसाला मानवणारी रचना ब्रिजवर उभे राहू शकतील असे चार पात्र अधिकारी असतील तरच चालते. तीन असतील तर चार-आठ. दोन उरले तर सहा-सहा, आणि त्यातल्या एकाला ताप आला तर कॅप्टन स्वतः.