देशाटन कुणाचे?

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळांच्या सहली, महाविद्यालयांचे अभ्यासदौरे आणि विद्यार्थ्यांच्या आंतरराज्य विनिमयाचे उपक्रम या सर्वांच्या मुळाशी हीच श्रद्धा आहे. एका प्रांतातील तरुणांनी दुसऱ्या प्रांतात जावे, तेथील नगरे पाहावीत, तेथील माणसांत मिसळावे आणि परतताना मनातील परकेपणा मागे टाकून यावे, हा हेतू उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु हेतू उदात्त असला म्हणजे तो सफल होतोच असे नाही. एखादे मोठे शहर पाहणे म्हणजे नेमके काय, आणि ते पाहण्याची संधी कोणाला मिळते, हे दोन प्रश्न गेली काही वर्षे मला अस्वस्थ करीत आहेत. ते मनात उभे राहिले म्हैसूरजवळच्या कडकोळ या लहानशा गावाच्या रेल्वे स्थानकावर.

पुस्तकाच्या कामानिमित्त तेव्हा माझा म्हैसूरला चार दिवस मुक्काम होता. रविवारची सुटी मिळाली म्हणून नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराचे दर्शन घेऊन मी पॅसेंजर गाडीने परतत होतो. वाटेत कडकोळ लागते. गाव लहान; पण आसपास औद्योगिक वसाहत उभी राहिल्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे तेथे राहतात. त्या स्थानकावर पाच तरुण डब्यात चढले. अंगात ठेवणीतले सदरे, केसांना तेल, चेहऱ्यावर सुटीचा आनंद. माझ्या हातातील मराठी पुस्तक पाहून त्यांतील एक जण जवळ सरकला आणि म्हणाला, “काका, महाराष्ट्रातले का तुम्ही? मी नांदेडकडचा.”

बोलता बोलता सर्वांची ओळख झाली. दोघे ओडिशाचे, एक उत्तराखंडचा, एक हा नांदेडकडचा आणि पाचवा कडकोळचाच. कोणी कारखान्यात शिकाऊ, तर कोणी कंत्राटी कामगार. “आज राजवाड्यावरची रोषणाई बघायला निघालोय. हा आमचा वाटाड्या,” असे म्हणत त्याने कडकोळच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलता?” असे मी विचारले. तो हसून म्हणाला, “थोडी हिंदी, थोडी कानडी. मी इथं पहिला शब्द शिकलो तो ‘ऊटा’. ऊटा म्हणजे जेवण. खोलीवर कुणी आलं, की हा पहिलं विचारतो, ‘ऊटा आयिता?’ जेवण झालं का? आमची आजी अगदी असंच विचारती.”

रविवारी आणि सणांच्या दिवशी संध्याकाळी म्हैसूरच्या राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे एकाच वेळी उजळतात. त्या दिवशी मीही त्या मुलांबरोबर प्रांगणात उभा राहिलो. दिवे लागण्यापूर्वी कडकोळचा मुलगा आपल्या मित्रांना सांगत होता, की पूर्वीचा लाकडी राजवाडा राजघराण्यातील लग्नाच्या वेळी जळाला आणि मग हा दगडी राजवाडा उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना १८९७ सालची असल्याचे आणि नवा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाल्याचे आपण वाचतो. त्या मुलाला सनावळी ठाऊक नव्हती. पण “आमचा राजवाडा” हे शब्द तो ज्या अभिमानाने उच्चारीत होता, तो अभिमान कोणत्याही माहितीपत्रकात सापडला नसता. ओडिशाच्या मुलाने लगेच पुरीच्या रथांची गोष्ट काढली. उत्तराखंडचा मुलगा म्हणाला, की त्याच्या गावात इतके दिवे तर साऱ्या जन्मात लागले नसतील. सगळे हसले.

त्याच वेळी प्रांगणात आणखी एक समूह उभा होता. परराज्यातून विनिमय-कार्यक्रमासाठी आलेले ते विद्यार्थी होते. गळ्यात ओळखपत्रे, डोक्यावर एकसारख्या टोप्या. सकाळपासून त्यांनी चामुंडी टेकडी, प्राणिसंग्रहालय, सेंट फिलोमिनाचे चर्च आणि वृंदावन उद्यान पाहिले होते. राजवाडा हे दिवसातले पाचवे स्थळ. दिवे लागताच त्यांनी राजवाड्याकडे पाठ करून छायाचित्रे काढली. ते आपापसांत, आपल्याच भाषेत बोलत होते. ज्या यजमान महाविद्यालयाने त्यांना बोलावले होते, तेथील चार विद्यार्थी बाजूला उभे राहून पाण्याच्या बाटल्या मोजीत होते. शिट्टी वाजली, रांग झाली, बस निघून गेली.

या विद्यार्थ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तेच केले असते. दोष असलाच तर तो आखणीचा आहे. एका दिवसात पाच स्थळे ठरवली, की प्रत्येक ठिकाणी घड्याळच यजमान होते. बसमध्ये पाहुणे एकत्र बसतात, वसतिगृहात एकत्र राहतात, एकत्र जेवतात. मग परप्रांतात येऊनही ते आपल्याच गावात राहतात. बदलते ती केवळ खिडकीबाहेरची दृश्ये. उलट, कडकोळच्या खोलीत राहणाऱ्या त्या पाच जणांना कोणी विनिमयाचे विद्यार्थी म्हटले नव्हते, त्यांच्यासाठी कोणी उद्‌घाटनाचे भाषण केले नव्हते. तरीही विनिमय झाला होता तो त्यांच्यातच.

कोणी म्हणेल, की स्थळे पाहण्यात गैर ते काय? गैर काहीच नाही. राजवाडा, मंदिर, धरण, ग्रंथालय ही माणसाच्या कर्तृत्वाची स्मारके आहेत. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. ही गोष्ट ठाऊक असलेला तरुण त्या इमारतीसमोर उभा राहील, तर त्याला सामान्य दगडविटांपेक्षा अधिक काही दिसेल. पण ती गोष्ट कोणी तरी सांगावी लागते. आणि ती सांगणारा त्या शहरातला, आपल्याच वयाचा असेल, तर ऐकणारा शहराबरोबर सांगणाऱ्यालाही ओळखू लागतो. म्हणून स्थळे पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. ती यजमानाच्या सोबतीने आणि सवडीने पाहावीत, एवढेच म्हणणे आहे.

या दृष्टीने साने गुरुजींचे उदाहरण आठवते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रही एकत्र होते. त्या सहवासात गुरुजींना इतर भारतीय भाषांची गोडी लागली आणि तमिळ भाषेतील ‘तिरुक्कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. पुढे प्रांताप्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या ध्यासातून त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. तुरुंगात प्रेक्षणीय स्थळ कोणते असणार? तेथे होता तो फक्त सहवास आणि वेळ. सहलींमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींचा तुटवडा असतो.

आपल्या देशात सहवासाचे हे महत्त्व शासनाने ओळखले नाही, असे नाही. १९६९ साली म्हैसूर येथेच भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याच्या म्हैसूर, पुणे, भुवनेश्वर, पतियाळा आदी ठिकाणच्या प्रादेशिक केंद्रांत शिक्षक परप्रांतीय भाषा शिकत आले आहेत. नवोदय विद्यालयांमध्ये नववीच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना हिंदी भाषक भागातून अहिंदी भागात, आणि तिकडून इकडे, एका वर्षासाठी पाठविण्याची पद्धत आहे. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमाची घोषणा २०१५ साली झाली; त्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आणि कर्नाटकाची उत्तराखंडाशी जुळविण्यात आली. त्याच विचारातून २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘युवा संगम’ या कार्यक्रमात पर्यटन, परंपरा, प्रगती, प्रौद्योगिकी आणि परस्पर संपर्क अशी पाच सूत्रे आहेत. पाचवे सूत्र वाचताना मला राजवाड्याच्या प्रांगणातील त्या दोन समूहांची आठवण होते. कागदावर ते पाचवे असो. प्रत्यक्षात ते पहिले असले पाहिजे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ही संधी मिळते कोणाला? महाविद्यालयात नाव असलेल्या मुलाला सूचनाफलकावर माहिती मिळते, प्राध्यापक अर्ज भरून घेतात, हजेरीही बुडत नाही. कारखान्यात, दुकानात किंवा शेतात राबणाऱ्या तरुणाचे काय? एखाद्या योजनेच्या नियमांत त्यालाही दार उघडे असेल. पण त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी आठवड्याची सुटी लागते, आणि सुटी घेतली की रोज बुडतो. ज्याची शाळा मध्येच सुटली, ज्याने संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्याच्या वाट्याला देशाटन येत नाही, असे आपण गृहीतच धरले आहे. वास्तविक देशभर सर्वाधिक फिरतो तो श्रमिकच. ऊस तोडायला, इमारती बांधायला, यंत्रे चालवायला तो शेकडो कोस जातो. त्याच्या प्रवासाला आपण स्थलांतर म्हणतो आणि विद्यार्थ्याच्या प्रवासाला देशदर्शन! या शब्दभेदात एक अन्याय दडलेला आहे. पहिल्याकडे आपण केवळ दोन हात म्हणून पाहतो आणि दुसऱ्याकडे मन म्हणून.

युरोपचा अनुभव या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी १८७० ते १९४५ या काळात तीनदा एकमेकांशी लढले. १९६३ साली उभय देशांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक संयुक्त संस्था काढली. १९८७ मध्ये अकरा देशांनी ‘इरास्मस’ ही विद्यार्थी-विनिमय योजना आरंभिली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून परदेशी गेले. २०१४ पासून ‘इरास्मस प्लस’ या नावाने तिचा विस्तार झाला, तेव्हा विद्यापीठातील विद्यार्थ्यांबरोबर कारखान्यांत काम शिकणाऱ्या उमेदवारांनाही तिच्यात स्थान मिळाले. सुतारकाम शिकणारा मुलगाही राष्ट्राचा दूत होऊ शकतो, हे त्यांनी मान्य केले. आपल्या देशात तर एकेका राज्याचा विस्तार युरोपातील एखाद्या देशाएवढा आहे. आपल्याला हे मान्य करण्यास अडचण का पडावी?

आणि या प्रश्नाची निकड मराठी माणसाला तर अधिकच जाणवली पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमेचा वाद चालू आहे. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. पण वाद चिघळला, की दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळे फासले जाते, वाहक-चालकांना अपमान सोसावा लागतो, आणि परराज्यात कामाला असलेल्या मुलाची आई घरी जीव मुठीत धरून बसते. ज्या दोन भाषांनी अण्णा आणि अक्का हे शब्द वाटून घेतले, एकीने ज्याला तुप्प म्हटले त्याला दुसरीने तूप म्हटले, ज्यांच्या संतांनी विठ्ठलाला प्रेमाने कानडा म्हणून हाक मारली, त्या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे भय वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे. ज्याने कानडी मित्राच्या खोलीवर रात्री जेवण केले आहे, तो दगड उचलण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. हा एक क्षण निर्माण करणे, हेच विनिमयाचे खरे फलित होय.

यासाठी फार मोठा खर्च लागेल असे नाही. प्रत्येक पाहुण्याबरोबर एक स्थानिक सोबती नेमावा आणि दोघांनी दिवसभर एकत्र हिंडावे. दिवसाला दोनच स्थळे पाहावीत आणि उरलेला वेळ बाजारात, वाचनालयात, एखाद्या घरात घालवावा. निघण्यापूर्वी यजमानांच्या भाषेतील निदान वीस वाक्ये पाहुण्याने शिकून घ्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा कार्यक्रमांत मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी, शिकाऊ कामगार आणि घरकाम करणाऱ्या मुली यांच्यासाठी काही जागा राखून ठेवाव्यात, व त्या दिवसांची त्यांची मजुरी भरून द्यावी. खर्च वाढतो अशी तक्रार असेल, तर टोप्या आणि फलक यांवरील खर्च कमी करता येईल.

योजना येतील तेव्हा येतील. तोवर हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या शेजारच्या खोलीत, कामाच्या फळीवर किंवा बसच्या बाकावर परप्रांतातला कोणी तरी बसलेला असेल. त्याला आपले शहर दाखविण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्यासाठी एक रविवार पुरेसा आहे.

त्या रात्री रोषणाई मालवल्यावर आम्ही एका लहानशा हॉटेलात शिरलो. मुलांना सकाळी पहिल्या पाळीला हजर व्हायचे होते, म्हणून ते घाईत होते. निरोप घेण्यापूर्वी कडकोळच्या मुलाने माझ्याकडे वळून विचारले, “ऊटा आयिता?” नांदेडच्या मुलाने माझ्या कानात उत्तर सांगितले आणि मी ते मोठ्याने म्हटले, “आयितु.” आयुष्यात उच्चारलेला तो माझा पहिला कानडी शब्द. चार दिवस म्हैसुरात राहूनही तोपर्यंत मला एकही आला नव्हता.