'द' या एका शब्दाची किंमत

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात राहत असताना मराठी माध्यमातून आलेला एक तरुण सहकारी मला इंग्रजी मसुदे दाखवीत असे. त्यांतील 'द' आणि 'अ' मी दुरुस्त करी. एकदा त्याने विचारले, "साहेब, याने अर्थ कुठे बदलतो?" प्रश्न रास्त होता. मराठीत अशी उपपदे नाहीत. 'तो', 'एक' आणि संदर्भ यांवर आपले भागते.

उत्तर याच शहरातील कॉफी बोर्डाच्या खटल्यात सापडते. केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ मध्ये १९७६ साली कलम ५(३) घालण्यात आले. निर्यातीपूर्वीची शेवटची विक्री 'द ॲग्रिमेंट' पाळण्यासाठी झाली असेल, तर तीही निर्यातीतीलच मानावी, म्हणजे तिच्यावर विक्रीकर नाही. लिलावात कॉफी घेणारा निर्यातदार बोर्डाला ती निर्यात करण्याचे वचन देई. हाही करारच, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो अमान्य केला. कायद्यात 'द' आहे, 'ॲन' नव्हे. म्हणून परदेशी खरेदीदाराशी आधी झालेला तो विशिष्ट करारच हवा.

तेव्हा उपपदांच्या चुका हा हसण्याचा विषय नव्हे, आणि सोडून देण्याचाही नव्हे. नियम पाठ करण्याआधी प्रत्येक नामाला 'कोणता?' असे विचारावे. 'परवाना रद्द करावा' एवढेच लिहिणारा मराठी मसुदाकारही याच परीक्षेत नापास होतो. कोणता परवाना, हे न लिहिल्याची किंमत शेवटी नागरिकच मोजतो.