लदेणीचे नाईक

१ जुलैला कृषिदिन आला की माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार पडतो आणि भाषणांतून संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे, बहात्तरचा दुष्काळ यांची उजळणी होते. ते सारे खरेच आहे. पण पुसदजवळच्या गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या या माणसाचे आडनाव शेतीतून आलेले नाही. ते आले लदेणीतून, आणि त्याबद्दल त्या दिवशी कोणी अवाक्षर काढत नाही.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चाललेला लमाण तांड्याचा व्यापार. किनाऱ्याकडून मीठ आणायचे, जाताना धान्य न्यायचे. दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजांची रसदही याच बैलांनी वाहिली. वऱ्हाडचा कापूस पार मिर्झापूरपर्यंत जाई तोही असाच. या तांड्याचा प्रमुख तो नायक, म्हणजेच नाईक. वाट कोणती धरायची, मुक्काम कोणत्या पाण्यावर, माल कुठल्या भावाने सोडायचा, वाटेतल्या सत्ताधीशाशी बोलणे कसे करायचे, हे तो ठरवी. आणि रात्री नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली की तांड्यातले तंटेही त्याच्यापुढेच येत. व्यापार आणि राज्यकारभार एकाच माणसाच्या हाती होता. तांड्याला राजकारण नंतर शिकावे लागले असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्यांच्या भरवशावर फौजा जेवल्या, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले! तांडे थांबले, डोंगराच्या कडेला आणि पैनगंगेच्या खोऱ्यात. नदीच्या अलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग नाईक यांनी गहुली वसवली ती याच काळात. नातू वकील झाला, १९४६ मध्ये पुसदचा नगराध्यक्ष झाला. १९५२ साली तो तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत निवडून जाऊन महसूल उपमंत्री झाला आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. आम्हांला हा योग कोणत्याही सत्कारापेक्षा मोठा वाटतो.

पुढे डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ वसंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा कापूस व्यापाऱ्याच्या हाती न जाता सरकारने ठरलेल्या भावाने घ्यावा, ही त्यामागची कल्पना. योजना पुढे तोट्यात रुतली. तिच्यातल्या चुका झाकण्याचे कारण नाही. पण पीक कितीही आले तरी ते कोण उचलतो आणि काय भावाने उचलतो यावर घरची चूल ठरते, हे ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याच्याच राज्यात हा प्रयत्न व्हावा, हे आम्हांला साहजिक वाटते. आज यवतमाळचा शेतकरी कापूस घेऊन खेडा खरेदीवाल्यापुढे, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्यापुढे, उभा राहतो तेव्हा प्रश्न तोच आहे, आणि कृषिदिनाच्या व्यासपीठावर बोलायचे ते त्यावर.

आणखी एक. लदेणीच्या वाटा, मुक्कामाच्या जागा, पाणवठे यांच्या खुणा तांड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि बायांच्या गाण्यांत उरल्या आहेत. पुतळे पुष्कळ झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना वही आणि ध्वनिमुद्रक देऊन पुसद, दिग्रस, महागावच्या तांड्यांवर पाठवावे, गहुलीपासून सुरुवात करावी. आजोबांच्या तोंडून लदेणी ऐकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.