मांडव आणि वेल

मांडव बांधणारा वेल निर्माण करीत नाहीं. वेल आपल्याच बळानें चढतो. आपल्या देहांतील पेशींसही कोलॅजनादि तंतूंचा मांडव लागतो, आणि तो त्या स्वतःच विणतात. खोल भाजल्यानें तो नष्ट झाला, म्हणजे व्रण आक्रसतो व अवयव आंखडतात.

अमेरिकेंतील शल्यवैद्य जॉन बर्क व प्राध्यापक यानास यांनीं गुरांचें कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेंतील एक द्रव्य यांची सच्छिद्र जाळी केली व तीवर सिलिकोनचा पापुद्रा दिला. १९८१ सालीं दहा रोग्यांवरील अनुभव त्यांनीं प्रसिद्ध केला. रोग्याच्या पेशी जाळींत शिरून नवे तंतु विणतात व मूळ जाळी हळूहळू विरते. मात्र घर्मग्रंथि व केश परत येत नाहींत; ही उणीव लपविण्यांत आलेली नाहीं.

उलट, स्टॉकहोम येथें २०११ पासून प्लास्टिकची श्वासनलिका, पेशी तीवर रुजतील या भरंवशावर, प्राण्यांवर पुरेसें परीक्षण न करितां माणसांस बसविण्यांत आली. तेथील तिन्ही रोगी पुढें दगावले. २०२३ सालीं अपील न्यायालयानें त्या शल्यवैद्यास दोषी ठरविलें.

आमचें मत असें कीं, दोहोंतील अंतर बुद्धीचें नसून सचोटीचें होतें. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहींत उत्तर जुळावें म्हणून आंकडा बदलण्याचा मोह होईल, तेव्हां ती श्वासनलिका आठवा. आणि पालकांस आमची विनंति कीं, मुलाच्या गुणांहून त्याचा खरा आंकडा त्यांनीं थोर मानावा.