शांत दालन आणि उभा विक्रेता

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि अलिबागच्या किनाऱ्यावरील धनिकांच्या दुसऱ्या घरांना नवे बळ मिळाले. घरांपाठोपाठ ती सजवणारी दुकानेही येतात. त्यांना आता दुकान म्हणण्याची पद्धत राहिलेली नाही. ती दालने असतात. मंद प्रकाश, उथळ पाण्याचे कुंड, बांबूची जाळी आणि कोपऱ्यात बुद्धाचे मस्तक अशी त्यांची मांडणी असते. वस्तूची किंमत मात्र शोधूनही सापडत नाही. बौद्ध आणि व्हिएतनामी परंपरेतून स्फूर्ती घेतलेले असे एखादे चिंतनशील दालन थळसारख्या गावी उभारायचे झाले, तर ते कसे असावे हा प्रश्न एकट्या वास्तुकारावर सोपवण्याजोगा नाही. त्यात अर्थशास्त्राचा भाग बराच आहे.

बाजार म्हणजे काय, हे थळला कोणी शिकवण्याची गरज नाही. समोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग, मागे १९८५ च्या सुमारास उत्पादन सुरू झालेला खत कारखाना आणि मध्ये कोळ्यांची वस्ती, असे हे गाव आहे. होड्या लागल्या की मासळीचा सौदा उभ्याउभ्या आणि चढ्या आवाजात होतो. शहरी पाहुण्याला तो गोंगाट वाटतो. पण त्या गोंगाटात पापलेटचा आजचा भाव दहा जणांच्या कानांवर एकदम पडतो आणि अकराव्याला फसवणे कठीण होते. शांत दालनात नेमके उलट घडते. तेथे भाव विचारायलाच ग्राहक संकोचतो. ज्याला विचारावे लागते त्याला ती वस्तू परवडत नाही, असा एक अलिखित दंडक असतो. अशी शांतता विक्रेत्याच्या फायद्याची असते, आणि तिला बुद्धाचे नाव देणे न्याय्य नव्हे.

व्यापार आणि बौद्ध धर्म यांचे वाकडे होते असे मुळीच नाही. थळच्या दक्षिणेला असलेले चौल हे प्राचीन ‘चेमूल’ बंदर. तेथील दात्यांची नावे कान्हेरीच्या लेखांत आहेत. कुड्याच्या लेण्यांत लोखंडाच्या व्यापाऱ्याचे आणि माळ्याचे दान कोरलेले आहे. कार्ल्याचे लेणे पूर्ण केल्याचे श्रेय वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने घेतले आहे. परंतु सर्वांत बोलका हिशेब नाशिकचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. (लेखातील ‘कोलिक’ म्हणजे विणकर, थळच्या कोळ्यांशी त्यांची गल्लत करू नये.) मुद्दल कधीच परत घ्यायचे नव्हते. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. हिशेब अचूक जुळतो. भिक्षूची निश्चिंती अशी विणकराच्या धंद्यावर उभी होती आणि तिचा खर्च दात्याने आपल्या पदरातून, उघडपणे, दगडावर लिहून केला होता. आजच्या दालनात तो खर्च दिव्याच्या आणि चटईच्या किमतीत मुकाट मिसळला जातो.

व्हिएतनामचेही तसेच. तेथील दुकानात धनदेवता ‘थान ताई’ आणि भूमिदेवता ‘ओंग दिया’ यांचे छोटे देवघर जमिनीलगत, दाराकडे तोंड करून ठेवलेले असते. ही लोकश्रद्धा आहे, तिच्यात ध्यानधारणा नाही. धंदा चालावा एवढीच तेथे मागणी असते. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला तेथे आपल्या भवानीइतकेच महत्त्व आहे. १९९९ साली जागतिक वारशात गेलेल्या होई आन या बंदरातील जुन्या घरांत पुढे दुकान, मध्ये उजेडासाठी उघडा चौक आणि मागे बिऱ्हाड अशी रचना दिसते. कोकणातल्या जुन्या पेठेत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. घेण्यासारखे असेल तर ते हे आहे. एअर कंडिशनरवर विसंबलेल्या काचेच्या पेटीत बांबू उभे केल्याने व्हिएतनाम होत नाही. तिक न्यात हान्ह या व्हिएतनामी भिक्षूने १९८२ साली फ्रान्समध्ये स्थापलेल्या आश्रमात घंटा वाजली की हातातले काम थांबवून सर्वांनी श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. स्वयंपाक करणाराही थांबतो आणि पाहुणाही.

दालनाची खरी कसोटी येथे लागते. घंटा वाजली तर तेथील विक्रेती बसू शकेल काय? गिऱ्हाइकासाठी आसन आणि तिच्यासाठी आठ-दहा तास उभे राहणे, हे या धंद्याचे सर्वत्र दिसणारे चित्र आहे. कोझिकोडच्या कापड दुकानांतील स्त्रियांना बसण्याच्या हक्कासाठी चळवळ करावी लागली, तेव्हा २०१८ साली केरळने आणि पुढे २०२१ साली तमिळनाडूने कायद्यात तशी तरतूद केली. पाय सुजलेल्या मुलीने हसतमुखाने दाखवलेली ध्यानाची गादी हा विनोद क्रूर आहे. आपल्याकडच्या जुन्या कापड दुकानात, सारे दोष धरूनही, पांढऱ्या गादीवर मालक, नोकर आणि गिऱ्हाईक तिघेही मांडी घालून बसत. चपला सगळ्यांच्याच बाहेर असत.

बुद्धमूर्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. १९५६ साली त्यांच्याबरोबर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. येथील बौद्ध वस्त्यांमध्ये ती मूर्ती वंदनेची आहे. धडावेगळे केलेले मस्तक दिव्याखाली ठेवून त्याला किमतीची चिठ्ठी लावणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल; दालन या किनाऱ्यावर काढायचे तर तो ठाऊक करून घ्यावा लागेल. मूर्ती वगळल्याने दालनाची शांतता रतीभरही कमी होणार नाही.

मग आराखड्यात काय असावे? प्रत्येक वस्तूवर वाचता येईल अशी मराठीतली किंमत हवी, आणि विक्रेत्यांसाठी पाठीची खुर्ची, तीही गिऱ्हाइकाला दिसेल अशी. वस्तू न घेता परतणाऱ्याला हटकू नये. पुढच्या बाजूस रस्त्यालगत एक ओटी असावी आणि तिला फाटक नसावे. मासळी विकून उन्हात परतणाऱ्या बाईला डोक्यावरची पाटी उतरवून तेथे पाच मिनिटे टेकता आले पाहिजे, मग आतला दिवा तिने कधी विकत घेवो अगर न घेवो.