दोष आधी शोधावा

घरचा स्टीरिओ खरखरू लागला की आपण नवा स्पीकर आणायला धावतो. माझ्या मते ही उधळपट्टी आहे. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या तारांची अदलाबदल करावी. खरखर दुसऱ्या स्पीकरात गेली, तर दोष ॲम्प्लिफायरात किंवा त्याआधी. त्याच स्पीकरात राहिली, तर त्या स्पीकरात किंवा त्याच्या तारेत.

महाग तेच उत्तम, हाही भ्रमच. ८ ओहमऐवजी ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर तेवढ्याच व्होल्टेजला प्रवाह दुप्पट होतो. साधा ॲम्प्लिफायर तापतो. एकाच स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर डग्ग्याचा घुमारा हरवतो. तिथे नवी खरेदी काय करणार?

यंत्रासाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या घरांनी तरी आधी तारा तपासाव्यात, मग दुकान गाठावे.