माल मोकळा, माणूस चोरवाटेने

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुक्यात, परधाडे स्थानकाजवळ 22 जानेवारी 2025 रोजी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. घाबरून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. किमान 12 जीव गेले. मृतांची ओळख पटत गेली तसे त्यांच्या यादीत नेपाळमधील पत्ते निघाले. चर्चा मात्र अफवेची आणि रेल्वेच्या चौकशीचीच झाली. डोंगरातला माणूस देश ओलांडून मुंबईच्या गाडीत का बसला होता, हे फारसे कुणी विचारले नाही.

उत्तराचा एक धागा कापडात सापडतो. जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत 1 जानेवारी 2005 पासून संपली आणि अमेरिकी मागणीवर उभा असलेला नेपाळचा तयार कपड्यांचा धंदा बसला. त्याच उलथापालथीत बांगलादेशचा धंदा फोफावला. पण बड्या गिऱ्हाइकांनी दर पाडत नेले आणि मजुरी तळाशीच राहिली. 2013 मध्ये ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, तेव्हा अकराशेहून अधिक कामगार तिच्याखाली मेले. एकीकडे धंदा गेला, दुसरीकडे आला. मजुराच्या पोटाची भ्रांत दोन्हीकडे उरलीच.

नेपाळी माणसाला 1950 च्या करारामुळे भारतात येताना व्हिसा लागत नाही, म्हणून तो ‘कामगार’. बांगलादेशी कुंपणाखालून दलालाला पैसे मोजून येतो, म्हणून तो ‘घुसखोर’. भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक मात्र बांगलादेशच, आणि आपले जिनिंगवाले तिथल्या मागणीवर डोळा ठेवून असतात. गाठीला सीमेवर रीतसर कागद मिळतो, माणसाला मिळत नाही.

1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्यात विनापासपोर्ट प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. कोण आत येते हे तपासण्याचा सरकारला अधिकार आहेच, खोटे दाखले विकणाऱ्यांना दयामाया नको. पण छाप्यात सापडतो तो मजूर. त्याला आणणारा मुकादम आणि राबवून घेणारा मालक यांची नावे बातमीत सहसा दिसत नाहीत. बेकायदा माणूस स्वस्त पडतो, कारण मजुरी बुडाली तरी तो कामगार कार्यालयाची पायरी चढू शकत नाही. हा नफा कुणाच्या खिशात जातो, ते विचारल्याशिवाय घुसखोरीविरोधातील आरडाओरड अर्धवटच.

शिवाय खानदेशाने फार ताठ मानेने बोलावे अशी स्थिती नाही. आपणही माणसे पाठवणारा मुलूख आहोत. साक्री-नंदुरबारकडचा आदिवासी कोयता घेऊन गुजरातच्या उसात जातो; सुरतेतले उधना-लिंबायत तर खानदेशी माणसांनी भरले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लादले. सुरतच्या कापडाला, हिऱ्याला झळ लागली की ती अमळनेर-शिंदखेड्याच्या घरापर्यंत येते. त्याच महिन्यात केंद्राने परदेशी कापसावरचे 11 टक्के शुल्क तात्पुरते उठवले, म्हणजे गावात राहिलेल्या बापाच्या कापसालाही स्पर्धा वाढली. वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यात असा दोन्हीकडून चेपला गेलेला पोरगा उद्या एजंटाच्या दारात उभा राहिला, तर त्याला लोभी म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची केळी जून 2021 मध्ये दुबईला गेली, शेतापासून बंदरापर्यंत कागदपत्रांसह. त्याच दुबईला निघालेल्या मजुराच्या हातात अनेकदा फक्त पर्यटक व्हिसा असतो. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेने बेकायदा स्थलांतरित ठरवून लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडलेल्या 104 भारतीयांत महाराष्ट्राचे तिघे होते. म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या तळांवर नोकरीच्या आमिषाने अडकलेल्या साठहून अधिक भारतीयांना 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाने सोडवले.

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. औद्योगिक वसाहतींतील दालमिल, चटई कारखाने आणि बांधकामांवर मजुरांची नोंद कंत्राटदाराच्या नावासकट घ्या. बेकायदा मजूर सापडला तर पहिला गुन्हा त्या कंत्राटदारावर नोंदवा. परदेशी निघालेल्यांनी आणि त्यांच्या आईबापांनीही सावध व्हावे. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याचे सेवाशुल्क 30 हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त असू शकत नाही. शेत गहाण टाकण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासून पाहा.